क्रियापदाचा धनी कोण?

आर्वी तालुक्यातल्या एका गावातून एका मुलीने प्रश्न पाठवला आहे. तलाठी भरतीची तयारी करते, दिवसा कापूस वेचायला जाते आणि रात्री अभ्यास करते. तिचे म्हणणे थोडक्यात असे: "मॅडम, गणिताची मला भीती नाही. पण मराठीच्या २५ प्रश्नांत १३-१४ च्या वर जात नाही. म्हणी, समास, समानार्थी शब्द जमतात. 'शुद्ध वाक्य ओळखा' आलं की चारातले दोन पर्याय सारखेच बरोबर वाटतात. जन्मापासून मराठीच बोलतो, मग मराठीतच मार्क का जातात?"

पोरी, जन्मापासून मराठी बोलतेस म्हणूनच जातात. तू वाक्य डोळ्यांनी वाचतेस आणि निकाल कानाने देतेस. कान घडला घरात, वावरात, बसस्टँडवर. पेपर काढणाऱ्याचा कान घडला पुस्तकात. दोन्ही कान मराठीच, पण मोजमाप वेगळे. कापूस घरच्या काट्यावर कितीही भरो, बाजार समितीत त्यांच्याच काट्यावर भरतो, तसे हे आहे.

आपली विदर्भातली बोली चुकीची आहे असे मात्र मी कधी कोणाला म्हणत नाही. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ, लीळाचरित्र, तेराव्या शतकात लिहिला गेला तो अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. तेव्हा 'मले' आणि 'तुले' म्हणायला लाजायचे कारण नाही. पेपरात विचारतात ती प्रमाण मराठी, एवढेच ध्यानात ठेव. आणि तिकडे पश्चिमेकडची मुलेही चुकतातच. 'मी काल तिथे गेलेलो' असे अर्धे वाक्य बोलून मोकळी होतात, 'होतो' गिळून टाकतात. त्यांच्या चुका वेगळ्या, आपल्या वेगळ्या. आपल्या कोणत्या, ते आधी ओळखू.

सतरा वर्षे तालुक्याच्या गावी शिकवणी घेते आहे. दर वर्षी पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहिते: 'मी काल वावरातली सगळी पऱ्हाटी उपटलो.' आणि विचारते, चूक कुठे आहे? कोणी म्हणते 'वावर' नको, 'शेत' पाहिजे. कोणी म्हणते 'पऱ्हाटी', म्हणजे कपाशीचे झाड, हा शब्दच पुस्तकी नाही. खरी चूक निम्म्या वर्गाला दिसत नाही. भंडारा-गोंदियाकडची मुले असतील तर एकालाही नाही, कारण तिकडे 'मी काम केलो', 'मी सांगलो' हेच घरचे बोलणे. मग मी फक्त 'मी' पुसते आणि तिथे 'त्याने' लिहिते. 'त्याने सगळी पऱ्हाटी उपटला.' आता मात्र वर्ग ओरडतो, "उपटली, मॅडम!" बरोबर. तर मग 'मी'सुद्धा पऱ्हाटी उपटलीच. मी पुरुष असो की बाई, पऱ्हाटी स्त्रीलिंगी आहे, क्रियापद तिच्या मागे जाणार.

इथेच सगळी गोम आहे. वाक्य हाती आले की पहिल्यांदा क्रियापदाला विचारायचे, बाबा रे, तुझा धनी कोण? क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाने चालते आहे ते कळले की अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. धनी ओळखायची खूण सोपी आहे. ज्या नामाला ने, ला, नी, ना, शी, त, चा असे काही चिकटले आहे, ते धनी होऊच शकत नाही. धनी उघड्या अंगाचा असतो, म्हणजे प्रथमा विभक्तीतला. कर्ता उघडा असेल तर तोच धनी, तो झाला कर्तरी प्रयोग. कर्त्याला प्रत्यय लागला असेल तर उघडे कर्म शोध, ते धनी, हा कर्मणी. दोघांनाही प्रत्यय असतील तर क्रियापद बेवारस, मग ते मुकाट्याने नपुंसकलिंगी एकवचनी होते, हा भावे. पुस्तकात या तीन प्रयोगांची तीन प्रकरणे असतात. पेपरात हीच एक खूण चालते.

लावून बघ. 'आईने पोरीला झोडपली.' आईला ने आहे, पोरीला ला आहे. उघडे कोणीच नाही. म्हणून 'झोडपले'. 'मुख्याध्यापकांनी मुलींना बक्षिसे दिले.' मुख्याध्यापकांना नी, मुलींना ना, पण 'बक्षिसे' उघडी आहेत आणि अनेकवचनी आहेत. म्हणून 'दिली'. 'मला आंबे आवडतो' यात मला ला आहे, धनी आंबे, म्हणून 'आवडतात'.

तुझ्यासारख्यांना अडवणारी खरी अडचण अशी की मी, तू, आम्ही, तुम्ही या चार शब्दांना 'ने' लागतो तरी दिसत नाही. 'त्याने' दिसतो, 'तिने' दिसतो, 'मीने' असे काही नसते. उघडे दिसतात आणि उघडे नसतात. म्हणून तो अदलाबदलीचा खेळ. भूतकाळात या चारांपैकी कोणी दिसले की मनातल्या मनात त्याच्या जागी 'त्याने' किंवा 'त्यांनी' घाल आणि ऐक. बसले तर कर्म धनी. नाही बसले तर कर्ता धनी. 'मी निरोप विसरलो.' आता 'त्याने निरोप विसरला' म्हणून बघ. नाही ना बसत? 'तो निरोप विसरला' असेच म्हणतो आपण. म्हणून 'मी विसरलो' शुद्ध. विसरणे, शिकणे, बोलणे ही क्रियापदे सकर्मक असूनही कर्त्याच्या मागे चालतात: 'ती खोटे बोलली', 'आम्ही तबला शिकलो'. 'म्हणणे' गमतीचे आहे. 'तो म्हणाला' पण 'त्याने गाणे म्हटले', दोन्ही बरोबर.

'तू'चे आणखी एक शेपूट असते. 'तू भाकर खाल्लीस.' खाल्ली हे भाकरीमुळे, पण शेवटचा 'स' तुझ्यामुळे. एका क्रियापदाला दोन धनी, दोघांचाही मान राखलेला. याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात आणि प्रयोग ओळखा या प्रश्नातही हे हमखास येते. 'तू भाकर खाल्लास' असा पर्याय दिसला की खोडून टाक.

आता दुसरी फसवणूक अंतराची. पेपर काढणारा धनी आणि क्रियापद यांच्या मध्ये मुद्दाम गर्दी उभी करतो. 'तालुक्यातील सर्व गावांमधील बचतगटांच्या महिलांची यादी तयार झाल्या.' 'महिलांची' ऐकून कान अनेकवचनात जातो. पण गावांना 'मधील' लागले, बचतगटांना 'च्या' लागले, महिलांना 'ची' लागले. सगळे झाकलेले. उघडी एकटी 'यादी'. ती तयार 'झाली'. मी मुलांना सांगते, पेन्सिलने प्रत्यय लागलेले शब्द खोडत जा, उरेल तो धनी. संगणकावरच्या परीक्षेत पेन्सिल चालत नाही, पण कच्च्या कागदावर निदान उरलेला शब्द लिहिता येतो. दोन नामांमध्ये 'किंवा' असेल तर जवळच्याचे ऐकायचे: 'एक गाय किंवा दोन बैल विकावे लागतील.'

धनी सापडला तरी त्याचे लिंग माहीत पाहिजे, नाहीतर सगळे मुसळ केरात. आपल्याकडे हिंदी कानावर फार पडते, त्यामुळे लिंगे हिंदीच्या वळणाने जातात. हिंदीत किताब स्त्रीलिंगी म्हणून पोरे 'मी पुस्तक वाचली' लिहितात. मराठीत पुस्तक नपुंसक: 'वाचले'. हिंदीत आवाज 'आयी', मराठीत आवाज 'आला'. दही हिंदीत पुल्लिंगी, मराठीत 'दही आंबट झाले'. 'वेळ' तर दोन्हीकडून मारते. काळाचा पट्टा असेल तर पुल्लिंगी, 'फार वेळ लागला'. ठरलेला क्षण असेल तर स्त्रीलिंगी, 'जेवायची वेळ झाली'. असे शब्द दिसतील तसे एका वहीत लिहून ठेव, 'तो, ती, ते' असे तीन रकाने पाडून. पाठ करू नकोस, फक्त लिही. हाताला लागले की राहते.

मग येतात खास आपल्या मातीतल्या दोन गोष्टी. पहिली 'करून राहिला'. 'तो अभ्यास करून राहिला आहे' हे आपल्याला इतके सहज वाटते की त्यात चूक काय तेच कळत नाही. प्रमाण मराठीत चालू क्रियेला 'करत आहे'. एकदा मी हेच शिकवत होते, अर्धा तास झाला, फळा भरला. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणतो, "मॅडम, मला तर चारही पर्याय बरोबर दिसून राहिले." वर्ग हसला, का हसला ते त्याला कळेना. मीही हसले, कारण त्या दिवशी घरी मीच सासूबाईंना फोनवर म्हटले होते, "येऊन राहिली, स्वयंपाक करून ठेवते."

दुसरी गोष्ट 'आलेत'. 'काल पाहुणे आलेत', 'सगळे निघून गेलेत' असे आपण बोलतो, आपल्याकडच्या बातम्यांतही कधीमधी छापून येते. प्रमाण भाषेत 'आलेत' म्हणजे 'आले आहेत', आता घरात बसलेले आहेत. 'काल'शी ते जुळत नाही. 'काल पाहुणे आले.' वाक्यात काल, परवा, गेल्या वर्षी असा गेलेला वेळ असेल आणि क्रियापदाच्या शेवटी 'त' असेल, तर तो पर्याय संशयाने बघ.

आतापर्यंतचे सगळे जुळणीचे झाले. यापुढचे थोडे नाजूक आहे, आणि मला शिकवायला सगळ्यात आवडते तेही हेच: कोणता शब्द कोणाला चिकटला आहे. ही दोन वाक्ये बघ.

'चोरीला गेलेली शेतकऱ्याची बैलजोडी सापडली.'
'चोरीला गेलेल्या शेतकऱ्याची बैलजोडी सापडली.'

एका अक्षराचा फरक. पहिल्यात बैलजोडी चोरीला गेली. दुसऱ्यात शेतकरीच चोरीला गेला! का? शेतकऱ्याला 'ची' लागला आहे, म्हणून त्याचे विशेषणही वाकून 'गेलेल्या' होते. बैलजोडी उघडी आहे, तिचे विशेषण सरळ उभे, 'गेलेली'. म्हणजे इथेही खूण तीच, उघडे आणि झाकलेले. विशेषण सरळ असेल तर ते उघड्या नामाचे, वाकलेले असेल तर प्रत्यय लागलेल्या नामाचे. ही खूण फक्त बदलणाऱ्या विशेषणांना चालते. 'शुद्ध', 'लाल', 'सुंदर' बदलत नाहीत, तिथे जागाच बघावी लागते. 'शुद्ध गाईचे तूप' म्हटले की शुद्ध कोण, गाय की तूप? म्हणून 'गाईचे शुद्ध तूप'.

तसेच 'ऊन'चे. 'जाऊन', 'येऊन', 'करून' या क्रियेचा करणारा आणि पुढच्या मुख्य क्रियेचा करणारा एकच लागतो. 'मी घरी जाऊन आईने जेवायला वाढले' अशुद्ध, कारण गेले मी आणि वाढले आईने. 'मी घरी गेल्यावर आईने जेवायला वाढले' असे पाहिजे. 'ऊन' दिसला की दोन्ही क्रियांना विचार, करणारा कोण? उत्तरे वेगळी आली तर पर्याय गेला. मात्र एक पळवाट सांभाळ: 'आजोबांना जाऊन दहा वर्षे झाली' हे शुद्धच आहे, काळ लोटल्याचे सांगताना मराठी अशी सूट देते. आणि 'ताना'ला एवढी सक्ती नाही. 'शाळेतून येताना त्याला साप चावला' यात येणारा तो आणि चावणारा साप, तरी वाक्य ठणठणीत. काही शिकवण्यांत इंग्रजीचा नियम आणून हेही चूक ठरवतात. त्यांचे ऐकू नकोस.

'आपला' आणि 'त्याचा' यात अर्थच बदलतो. 'रामने आपल्या भावाला बोलावले' म्हणजे रामच्या भावाला. 'रामने त्याच्या भावाला' म्हटले की तो दुसराच कोणी असू शकतो. म्हणून 'प्रत्येकाने आपले काम करावे', 'त्याचे' नाही.

पुनरुक्तीचे प्रश्न सोपे असतात, त्यावर वेळ घालवू नकोस. ग्रामपंचायतीच्या फलकासमोर पाच मिनिटे उभी राहिलीस तरी सराव होतो. 'उपरोक्त वरील विषयान्वये', 'सहकुटुंबासह उपस्थित राहावे', 'विनापरवानगीशिवाय प्रवेश नाही'. शेवटचे तर उलटाच अर्थ सांगते. जोड्यांचेही तसेच: जरी आला की तरी, जर आला की तर, जेव्हा आला की तेव्हा. 'जरी पाऊस आला पण' हे चूक. 'कारण पाऊस आला म्हणून' यात एकच कारण दोनदा सांगितले आहे, दोघांतला एक काढ.

शुद्धलेखनात मात्र नियम पाठच पाहिजेत. साहित्य महामंडळाचे सरकारमान्य नियम आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, एकूण १८. एका रविवारात वाचून होतात. पेपरात सगळ्यात जास्त येणारा म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा: दीर्घ ई-ऊ सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचे रूप बदलते त्यात, ऱ्हस्व होते. नागपूर पण नागपुरात, जमीन पण जमिनीत, विहीर पण विहिरीला, फूल पण फुलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद: शरीर, शरीराला. गीत, गीतात. शब्दाच्या शेवटचे इ-उ दीर्घ, कवी, गुरू. पण समासात ते मूळचे ऱ्हस्व, कविवर्य, गुरुकृपा. आणि 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' हे ऱ्हस्वच. 'पाऊसमुळे' नाही, 'पावसामुळे', आणि 'मुळे' तोडून लिहायचे नाही, चिकटवून. एका जुन्या भरतीच्या उत्तरतालिकेत 'शरिराला' शुद्ध ठरवले होते. माझ्या विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतला तेव्हा कुठे बदलले. म्हणून तालिका आली की ती तपासायची सवय ठेव, मुदत थोडी असते.

आता पेपरात बसल्यावरचे. २०२३ च्या तलाठी परीक्षेत १०० प्रश्न, २०० गुण आणि १२० मिनिटे होती, मराठीला २५ प्रश्न, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नव्हते. अशा पेपरात एकही प्रश्न रिकामा सोडणे म्हणजे हातचे टाकून देणे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मात्र चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे पाव गुण जातात. तिथेही दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर उत्तर देच. एकेक गुणाचे असे चार प्रश्न धर, साधारण दोन बरोबर, दोन चूक. दोन मिळाले, अर्धा गेला, दीड हाती राहिला. तू म्हणतेस दोन पर्याय सारखे वाटतात. पण उरलेले दोन कशामुळे चूक ते तुला सांगता येते का? नाही तर ते दोन तू खोडलेले नाहीत, नुसते आवडले नाहीत.

सरावही त्याच पद्धतीने कर. रोज पन्नास प्रश्न सोडवून टिकमार्क करण्यापेक्षा दहाच घे. प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर दोन शब्दांत कारण लिही: 'धनी चुकला', 'लिंग', 'ऊन', 'दोनदा'. दहा प्रश्नांची तीस कारणे झाली. वेचणीच्या दिवसांत रात्री डोळे मिटत असतील तर पाचच घे. पंधरा दिवसांनी कोणता शब्द सगळ्यात जास्त वेळा लिहिला ते मोज. माझ्या अंदाजाने 'धनी' निघेल, पण तुझी वही काय सांगते ते महत्त्वाचे.

खाली पाच वाक्ये देते. चार अशुद्ध आहेत, एक शुद्ध. प्रत्येकाचे कारण लिहून पाठव, नुसते उत्तर पाठवू नकोस.

मी दुकानातून दोन वह्या घेतलो.
पाऊस थांबून आम्ही वावरात निघालो.
जिल्ह्यातील सर्व शाळांच्या खोल्यांची तपासणी पूर्ण झाल्या.
तू माझा निरोप विसरलास.
बँकेने गावातील शेतकऱ्यांना नोटिसा पाठवले.